नानांची नकारांची फाईल

कुणी जुनी नाणी जमवतं, कुणी तिकिटं जमवतं. आमचे लॅबवाले नाना दुसऱ्यांना आलेले नकार जमवायचे.

जाड निळ्या पुठ्ठ्याची एक फाईल होती, आत प्लास्टिकचे पारदर्शक खिसे. एका खिशात एक कागद. कॉलेजातल्या ज्या पोराला किंवा पोरीला एम.एस्सी.साठी, पीएच.डी.साठी एखाद्या मोठ्या संस्थेनं 'नाही' कळवलं असेल, त्यानं त्या ईमेलची प्रिंट काढून नानांना आणून द्यायची, असा अलिखित नियम होता. रडत आणून दिली तरी चालायची. नाना ती दोन्ही हातांनी घ्यायचे, कोपऱ्यात पेन्सिलीनं नाव लिहायचे, खिशात सरकवायचे आणि म्हणायचे, "बरं झालं. एक झाला. आता फुडचा."

त्या फाईलमधल्या शेवटच्या कागदाबद्दल मला लिहायचंय. पण थेट तिथंच पोचले तर नानांवर अन्याय होईल. नाना मला आवडायचे, अजून आवडतात. राग गेलेला नाही, ती गोष्ट वेगळी.

पारनेर तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नाना परिचर होते. उपकरणं काढून द्यायची, पुसून ठेवायची, कुणी काच फोडली की रजिस्टरात नाव लिहायचं, हे त्यांचं काम. अंगानं काटकुळे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, खांद्यावर जुन्या बनियनचा एक तुकडा. त्या तुकड्यानं ते प्रिझम इतक्या हळू पुसायचे की बघणाऱ्याला वाटावं, आत कुणी झोपलंय. शिक्षण बारावीपर्यंत, तेही दुसऱ्या खेपेला. पण देशातल्या कुठल्या संस्थेचा फॉर्म कधी निघतो, कुणाची प्रवेश परीक्षा कुठल्या महिन्यात असते, कुठं शिष्यवृत्ती मिळते आणि कुठं नुसतंच नाव मिळतं, हे त्यांना आमच्या प्राध्यापकांपेक्षा जास्त ठाऊक. सरांना काही विचारलं तर सर सांगायचे, "नानांना विचार."

प्रयोगशाळेच्या दाराजवळ एक लहान काळा फळा होता. त्यावर नाना खडूनं फॉर्मच्या शेवटच्या तारखा लिहायचे. त्या सगळ्या खोट्या असायच्या. खऱ्या तारखेच्या आठ दिवस आधीची तारीख नाना लिहीत. सुरुवातीला मला हे माहीत नव्हतं. एकदा तारीख हुकली म्हणून मी तोंड पाडून गेले, तर म्हणाले, "ती माझी तारीख हुती. त्यांची आजून लांब हाय. बस आन् भर." मी विचारलं, मग खरी का लिहीत नाही? "खरी लिहिली की लोक खऱ्या तारखेलाच येत्यात. त्या दिवशी लाईट जाती, नेट जातं, न्हाईतर कुनाची तरी म्हातारी जाती." नानांनी फळ्यावर तारीख लिहिली आणि कुणाचं काम राहून गेलं, असं आमच्या कॉलेजात कधी झालं नाही. एकदाच झालं.

नानांकडे आणखी एक वही असायची, शंभर पानी. तीत प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव, कुठं अर्ज केला, लॉगिनचा आयडी, पासवर्ड, आणि पुढं रकाने: फॉर्म भरला, प्रवेशपत्र काढलं, मुलाखत, निकाल, जागा पक्की केली. काम झालं की रकान्यात बरोबरची खूण. पासवर्ड दुसऱ्याकडे ठेवू नये, हे आज मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते. तेव्हा तसं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आमच्यातल्या निम्म्याजणींकडे स्वतःचा मोबाईल नव्हता, आणि घरच्या मोबाईलवर येणारे निरोप घरचे वाचायचे किंवा वाचायचे नाहीत. नानांच्या वहीत असलं की आपलं सुरक्षित आहे, एवढं आम्हाला पुरायचं.

माझ्या पहिल्या अर्जाची गोष्ट सांगते. संस्थेनं एक पान मागितलं होतं: तुम्हाला हा विषय का शिकायचाय, ते लिहा. मी चार पानं लिहिली. सुरुवात 'आदरणीय महोदय'पासून, मग वडिलांची पिठाची गिरणी, आईचं आजारपण, दोन बहिणी, परिस्थिती हलाखीची असूनही मी कशी शिकले, आणि शेवटी 'तरी कृपया माझा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा'. हे सगळं इंग्रजीत, शब्दकोश समोर ठेवून. सोबत उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, चौथीत असताना वक्तृत्वात मिळालेलं प्रमाणपत्र, गोळाफेकीचं प्रमाणपत्र, सगळ्यांच्या सत्यप्रती, शिक्के मारून. नानांनी तो गठ्ठा टेबलावर पसरला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"रुखवत मांडलंय का काय?" ते म्हणाले.

मी प्रमाणपत्रं गोळा करायला लागले.

"आन् ही गरिबी कशाला लिवलीस? तिथं काय शिधा वाटत्यात? गरिबी त्यांनी लई बघितली. तू सांग, सोनोमीटरची तार गेल्या बुधवारी तुटली, तवा तू तासभर तिथं काय बघत बसली हुतीस?"

मी सांगितलं. तार तुटायच्या आधी तिचा आवाज बदलला असं मला वाटलं होतं, आणि तो खरंच बदलतो का, किती आधी बदलतो, हे मला कळत नव्हतं. मी मराठीत बोलत होते, अडखळत, हातवारे करत. नाना ऐकत होते. मधेच म्हणाले, "थांब, ह्ये मला कळलं न्हाई, परत सांग." मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगून झाल्यावर त्यांनी मान हलवली. "आता मला कळलं. मला कळलं म्हंजी त्यांनाबी कळंल. ह्येच लिव. एक पान."

ही त्यांची रीत होती. पान इंग्रजीत लिहायच्या आधी ते मराठीत नानांना सांगायचं, आणि नानांना कळेपर्यंत सांगायचं. काहीजण चिडायचे, बारावी पास माणसाला काय कळणार म्हणायचे. अशांना नाना फार अडवत नसत. "जा मग," एवढंच म्हणायचे. त्यातला एखादा महिन्याभरानं नकाराची प्रिंट घेऊन यायचा आणि मान खाली घालून टेबलाजवळ उभा राहायचा. नाना टोमणा मारायचे नाहीत. नाव लिहून कागद खिशात घालायचे आणि "आता सांग" म्हणायचे.

मुलाखतीची तयारीही त्यांच्याकडेच. प्रयोगशाळेतली तीन उंच स्टुलं ओळीनं मांडायची. ती रिकामीच असत. "ह्यो भौतिकचा, ह्यो गणिताचा, आन् ह्यो नुसताच खडूस," असं नाना ओळख करून द्यायचे आणि स्वतः मागं उभे राहून प्रश्न वाचायचे. उत्तर येत नसलं की आम्ही खाली बघायचो. नाना लगेच पट्टी आपटायचे. "येत न्हाई त्याला येत न्हाई म्हन, पर मान वर करून म्हन. चोरी न्हाई केलेली." पुढं कितीतरी मोठ्या माणसांसमोर मी 'मला माहीत नाही' असं म्हटलंय, आणि प्रत्येक वेळी मान वर ठेवलीय.

फॉर्म भरायचा कंटाळा करणाऱ्यांसाठी त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "फॉर्म भरायला बुद्धी लागत न्हाई, बूड लागतं." आणि नापास होण्याच्या भीतीनं फॉर्मच न भरणाऱ्यांसाठी दुसरं. ते म्हणताना ते फाईलवर थाप मारायचे. "भरला आन् न्हाई आलं, तर निदान कागूद तरी येतो. न्हाई भरला तर कागूदबी येत न्हाई." मग एकेक खिसा उलटून दाखवायचे. हा बघ, ह्याला तीनदा नाही म्हटलं, चौथ्यांदा घेतला, आता परदेशात असतो. ही बघ, हिला दोनदा. माझाही पहिला नकार त्या फाईलमध्ये आहे. त्या दिवशी मी खूप रडले होते, पण नानांनी माझा कागद त्या सगळ्या हुशार लोकांच्या ओळीत सरकवला आणि मला बरं वाटलं.

आता मनीषाबद्दल लिहायला हवं.

मनीषा नानांची एकुलती एक मुलगी, माझ्याच वर्गात. वडिलांना तीही सगळ्यांसारखं नानाच म्हणायची. वर्गात पहिली ती, दुसरी मी, आणि आमच्यात अंतर बरंच होतं. मला जे घोकून यायचं ते तिला बघून यायचं. गणित सोडवताना ती पेन्सिल कानावर ठेवायची आणि खिडकीबाहेर बघायची. मग एकदम तीन ओळीत उत्तर. मला तिचा हेवा वाटायचा, हे कबूल करते. मैत्रीण होती म्हणून हेवा वाटत नाही असं थोडंच आहे.

शेवटच्या वर्षी आम्ही दोघींनी पूर्वेकडच्या एका संस्थेत अर्ज केला. पदवीनंतर थेट पीएच.डी.पर्यंतचा अभ्यासक्रम, शिष्यवृत्तीसह. दोघींनाही मुलाखतीचं बोलावणं आलं. माझ्या घरी वडिलांनी एकच वाक्य बोलून विषय संपवला. "पोरीला एवढ्या लांब धाडायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी नाना त्यांच्या जुन्या मोपेडवरून आमच्या गावी आले. गिरणी चालू होती, त्यामुळे दोघांनाही ओरडून बोलावं लागत होतं. वडिलांनी शेवटी पट्टा उतरवून गिरणी थांबवली. नानांनी पिठाच्या पोत्यावर फाईल उघडून एकेक पान दाखवलं. वडील बघत होते, पण मान हलत नव्हती.

"पोरगी हाय ओ. लई लांब हाय," वडील म्हणाले.

"आन् लगीन करून देता तवा जवळ देता व्हय?" नाना म्हणाले. "तवा नकाशा बघता का कुनी? तिथं ती कायमची जाती, हितं चार-पाच वर्सांनी शिकून येती. त्या लांबाची भीती न्हाई, आन् ह्या लांबाची भीती. ह्यो कुठला हिशेब म्हनायचा?"

 वडिलांनी उगाच गिरणीचा पट्टा परत चढवला, परत उतरवला. मग म्हणाले, "सोबत कोन जानार?"

"मी हाय ना. माझीबी पोरगी हाय की."

मला माझं आयुष्य त्या एका वाक्यानं मिळालं. मी हे शंभर जणांना सांगितलंय.

मुलाखतीला नाना आम्हा दोघींना रेल्वेनं घेऊन गेले. सोबत भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, आणि स्वतःसाठी एक चादर. आम्ही आत गेलो तेव्हा ते फाटकाबाहेर झाडाखाली बसले, संध्याकाळपर्यंत उठलेच नाहीत. बाहेर आलो तर तिथल्या पहारेकऱ्याशी त्यांची गट्टी जमलेली. "हमारी दोन पोरी अंदर गयेली है," एवढं हिंदी त्यांनी दिवसभर पुरवलं होतं. पहारेकऱ्यानं आम्हाला बघून हात जोडले. परतीच्या प्रवासात मनीषा खिडकीशी बसून बोलत होती, तिथली प्रयोगशाळा केवढी, तिथल्या बाईंनी तिला कुठला प्रश्न विचारला, आणि ती कशी म्हणाली की हे मला येत नाही, पण असं असू शकेल का. नाना ऐकत होते. मी त्यांना इतकं खूश पुन्हा कधी पाहिलं नाही.

दोघींचीही निवड झाली. नानांनी दोन्ही पत्रांच्या प्रिंटा काढल्या, पेढे वाटले, फळ्यावर जागा पक्की करायची तारीख लिहिली. आठ दिवस आधीची.

त्याच आठवड्यात जामखेडहून मनीषाला स्थळ आलं. मुलगा शिकलेला, घरचं कृषी सेवा केंद्र, माणसं चांगली. आणलं होतं नानांच्या थोरल्या भावानं. ते घरातले कारभारी, नानांच्या वडिलांच्या जागी. असं स्थळ परत येणार नाही, पोरीला दोन दिवसांच्या वाटेवर कुणाच्या भरवशावर ठेवणार, चार लोकांत काय सांगणार, असं ते रोज येऊन बोलत. मनीषाची आई त्यांच्यापुढं बोलत नसे. नानाही बोलले नाहीत. जो माणूस माझ्या वडिलांना पिठाच्या पोत्यावर फाईल उघडून गप्प करून आला, त्याला स्वतःच्या भावापुढं एक वाक्य आठवलं नाही.

मी माझी जागा पक्की करायला प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवर बसले तो दिवस मला स्पष्ट आठवतो. नानांनी मला वही दिली, मी माझा पासवर्ड बघितला, काम झाल्यावर माझ्या नावापुढं खूण केली. खालच्याच ओळीत मनीषाचं नाव होतं. तिचा रकाना रिकामा होता. मला दिसला. मी नानांकडे बघितलं. ते प्रिझम पुसत होते. मनीषा म्हणाली होती, 'माझं नाना भरतील, पासवर्ड त्यांच्याकडेच आहे.' मी वही मिटून परत दिली. विचारलं नाही. मला घरी जाऊन पेटी बघायची होती, चादर घ्यायची होती, मी माझ्याच आनंदात होते.

फळ्यावरची तारीख गेली. मग खरी तारीखही गेली. नानांनी ना स्थळाला होय म्हटलं, ना संस्थेला नाही म्हटलं. फक्त ते कॉम्प्युटरवर बसले नाहीत. मनीषाला ते कळलं माझ्यामुळे. मला वसतिगृहाच्या खोलीचा ईमेल आला, तो मी नाचत तिच्या घरी सांगायला गेले आणि विचारलं, "तुझी खोली कुठली?" तिला ईमेल आला नव्हता. ती घरात गेली, वही घेऊन बाहेर आली, त्या ओळीवर बोट ठेवून उभी राहिली. नाना ओट्यावर बसले होते. तिनं विचारलं, "नाना, हे राहिलं का?"

नाना म्हणाले, "राह्यलं."

ती भांडली नाही. निदान माझ्यासमोर नाही. तिनं वही मिटली आणि आत नेऊन ठेवली. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं.

मला निरोप द्यायला नाना नगर स्टेशनवर आले होते. माझे वडीलही होते. नानांच्या हातात चिवड्याचा डबा होता, मनीषानं केलेला. गाडी येईपर्यंत वडील आणि नाना पावसापाण्याचं बोलले. मला नानांच्या डोळ्यांत बघवेना, आणि त्यांनाही माझ्या. गाडी हलली तेव्हा ते खिडकीबरोबर थोडे चालत आले. "पोचली की कळव," म्हणाले. मग थांबले आणि चष्म्याची बांधलेली काडी नीट करत राहिले. मी कळवलं नाही. वडिलांना फोन केला, त्यांनी कळवलं असेल.

पुढची कितीतरी वर्षं मी सुट्टीत आले की कॉलेजात जायची, नानांना भेटायची, चहा प्यायची आणि निघायची. मनीषाचं नाव दोघंही काढत नसू. त्यांचं काम तसंच चालू होतं, उलट वाढलं होतं. आजूबाजूच्या तालुक्यांतून पोरं यायची. फळ्यावर आता ते खऱ्या तारखेच्या पंधरा दिवस आधीची तारीख लिहीत. पासवर्डची वही मात्र बंद केली होती. प्रत्येक मुलीला ते बजावायचे, "पासवर्ड कुनाला द्यायचा न्हाई. मलाबी न्हाई. बापाला तर न्हाईच." पोरी हसायच्या. मला हसू यायचं नाही. मनात यायचं, हे शहाणपण थोडं आधी का नाही सुचलं?

मला नगरला नोकरी लागल्यावर नानांनी एकदा मुलांशी बोलायला बोलावलं. त्यांच्या निवृत्तीला थोडे महिने राहिले होते. माझं बोलून झालं, मी प्रयोगशाळेत चहा घेत बसले होते, तेवढ्यात एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आला. मुलीची दक्षिणेत कुठंतरी निवड झाली होती, आणि बापाचं म्हणणं तेच, माझ्या वडिलांचं होतं तेच. लांब हाय.

मला वाटलं, नाना आता ते जुनं वाक्य काढतील, लग्न करून देता तेव्हा जवळ देता का म्हणून. त्यांनी ते काढलं नाही. फाईल उघडली आणि एकेक पान न दाखवता थेट शेवटच्या खिशावर आले.

"ह्या फायलीत समदे न्हाईचे कागूद हायेत. ह्यो एकच होयचा हाय," नाना म्हणाले.

"मंग तो ह्यात कशापायी ठिवला?" शेतकऱ्यानं विचारलं.

"त्यांनी होय म्हनलं. बापानं न्हाई म्हनलं. धड न्हाईबी म्हनला न्हाई. त्येवढीबी छाती न्हवती त्याची. तारीख जाऊ दिली नुसती."

शेतकरी कागदाकडे बघत राहिला. मुलगी बापाकडे. "कोन म्हनायचा असला बाप?" त्यानं विचारलं.

"मी," नाना म्हणाले.

माझ्या हातातला चहा गार झाला. मी त्या प्लास्टिकच्या खिशात मनीषाचं नाव वाचलं. कोपऱ्यात पेन्सिलीनंही ते पुन्हा लिहिलेलं होतं, बाकी सगळ्यांचं लिहिलं होतं तसंच. शेतकऱ्याची ती मुलगी दक्षिणेत शिकायला गेली. आता तिचं शिक्षण संपत आलंय.

ते दोघं गेल्यावर मी नानांना विचारलं, "मनीषाला माहीत आहे का, तुम्ही तिचं पत्र असं लोकांना दाखवता ते?"

"न्हाई."

"विचारलंत तिला?"

नाना बनियनचा तुकडा घडी करत राहिले. "तवा इचारलं न्हाई. आता कंच्या तोंडानं इचारू?"

मला वाटलं, माणसानं स्वतःला एवढी शिक्षा करून घेतली, आता राग सोडायला हवा. गाडीत बसून मी थोडी रडलेही. पण त्यांच्याशी यावर पुन्हा बोलायचं राहून गेलं. गेल्या वर्षी नाना गेले. दोन दिवसांचं दुखणं, कुणाला कळायच्या आत. मी दहाव्याला गेले. कॉलेजातला तो काळा फळा कुणीतरी घरी आणून ठेवला होता, त्यावर खडूनं लिहिलेली एक तारीख अजून अर्धी दिसत होती.

महिन्याभरानं मनीषा माझ्याकडे आली, एकटी, जामखेडच्या बसनं. ती तिथं अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. नवरा चांगला आहे, मुलगा सातवीत आहे. तिच्या शिकवणीत पोरं मावत नाहीत असं ऐकते. पेन्सिल अजून कानावरच होती. तिनं पिशवीतून निळी फाईल काढून माझ्यासमोर ठेवली.

"नानांनी तुझ्यासाठी ठेवलेली. वर चिठ्ठी होती, वैशालीला द्या म्हणून."

मी फाईल छातीशी धरली. मग मला राहवलं नाही, इतक्या वर्षांचं एकदम बाहेर आलं. मी म्हटलं, "मनीषा, त्या दिवशी मी वहीत तुझा रकाना रिकामा बघितला होता. नानांना विचारायला हवं होतं. विचारलं नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुझी खूण ताजी होती, माझी ओळ तिच्या खालीच होती. तुला दिसली नसेल असं कसं होईल?" तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. "मलापण कुणी विचारलं नाही गं. नानांनी नाही, थोरल्या काकांनी नाही, तू नाही. मी काय म्हणाले असते कुणास ठाऊक. कदाचित लग्नच करते म्हणाले असते. पण विचारायचं होतं."

 हाताला चाळा म्हणून मी फाईल उघडली. माझा नकार दिसला, कितीतरी ओळखीची नावं दिसली. उलटत उलटत शेवटच्या खिशापाशी आले. तो रिकामा होता.

"यातला शेवटचा कागद?"

"तो मी काढून घेतलाय."

आणि मी, जी नानांवर इतकी वर्षं रागावले होते, तीच बोलून गेले, "अगं, पण तोच तर महत्त्वाचा आहे. तो बघून बाप ऐकतात. माझ्याकडे येणाऱ्या पोरींना केवढा उपयोग झाला असता त्याचा."

मनीषानं पिशवीचा बंद खांद्यावर घेतला. उठली. जामखेडची बस साडेचारला होती.

"वैशाली," ती म्हणाली, "ते पत्र मला आलं होतं."